आर्टेमिसिया, सिंकोना की सरळ गोळ्या? आफ्रिकेत पैसे घालण्याआधी

आमच्या एका मित्राने युगांडात कबालेकडे जमीन लीजवर घेतलीय, बटाटा करतो, आणि आता त्याच्या डोक्यात मलेरियाच्या औषधी झाडांनी घर केलंय. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच लिहून काढतोय, कारण याआधी पण दोघांनी मला हेच विचारलंय.

मुळात लोक तीन वेगळ्या गोष्टी एकात कालवतात. परसात आर्टेमिसिया लावून पानांचा चहा पाजणं, तीच पानं टनावारी कारखान्याला विकणं, आणि बाहेरून कच्चा माल आणून गोळ्या पाडणं. तिन्हीला "लोकल उत्पादन" म्हणतात पण एकाचा दुसऱ्याशी फारसा संबंध नाही.

आधी चहा. आर्टेमिसिया ॲनुआ म्हणजे आपण ज्योतिबाला वाहतो त्या दवण्याची चुलतबहीणच, वास पण तसाच डोक्यात जाणारा. अनामेद नावाच्या संस्थेने काँगोकडून सुरुवात करून याचा बराच प्रसार केला. कृती सोपी, ५ ग्रॅम सुकी पानं, लिटरभर उकळतं पाणी, दिवसभरात चार वेळा, असे सात दिवस. दवाखाना वीस किलोमीटर लांब असेल तर मोह होणारच हो. पण हिशोब करा. पानात आर्टेमिसिनिन, म्हणजे मलेरियावर चालणारा त्यातला घटक, १ टक्का धरलं (हे चांगल्या जातीचं) तर ५ ग्रॅममध्ये होतात ५० मिलिग्रॅम, आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून पोटात जातं त्याहून कमी. जिने हे औषध शोधलं त्या चीनच्या यूयू तू बाईंनी उकळणं सोडून ईथरने कमी तापमानाला अर्क काढला तेव्हा कुठे हाताला यश आलं, पुढे २०१५ ला नोबेल. काँगोतल्या एका चाचणीत, २००४ साली छापलेल्या, सातव्या दिवशी चहावाले साधारण ७४ टक्के बरे होते आणि क्विनाइनवाले ९१, पुढच्या तीन आठवड्यांत चहावाल्यांपैकी बऱ्याच जणांचा मलेरिया उलटला. डब्ल्यूएचओने २०१२ मध्ये आणि परत २०१९ मध्ये पानं-चहा नको असं स्पष्ट सांगितलंय. त्यात रवांडा-युगांडात आर्टेमिसिनिनला थोडं थोडं न जुमानणारे परजीवी सापडलेत, तिथे अर्धवट डोस देत बसणं म्हणजे त्यांना तालीम देण्यासारखं. सो माझ्याकडून चहाला नाही.

एक अपवाद सांगतो, मालीतला. तिथे आपला पिवळा धोतरा, हो तोच बांधावरचा काटेरी, त्याचा काढा साध्या मलेरियावर घरच्या घरी देऊन रीतसर चाचणी झाली, आर्टेमिसिनिनच्या कॉम्बिनेशन गोळ्यांसमोर. दुसरं औषध द्यावं न लागलेले काढ्याचे ८९ टक्के, गोळ्यांचे ९५. वाईट नाही. पण बिया विषारी, मोहरीच्या तेलात भेसळ होऊन १९९८ ला दिल्लीत लोक गेले होते ते याच बियांनी. म्हणजे हे जाणकार माणसाच्या देखरेखीखालचं काम, धंदा नव्हे.

आता पानं विकणं. यातच मित्राचा खरा इंटरेस्ट. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर, वाळूत मिसळूनच पेरावं लागतं आणि पहिल्या आठवड्यात जोराचा पाऊस आला की गेलं सगळं वाहून. विषुववृत्ताजवळ दिवस लहान म्हणून साधी जात गुडघाभर झाली की फुलावर येते, पानं कमी मिळतात, उशिरा फुलणारी संकरित जातच हवी. कापणी फुलं उमलायच्या आधी, वाळवण सावलीत. एवढं करून टनामागे आर्टेमिसिनिन जेमतेम पाच-दहा किलो निघतं आणि ते काढायला हेक्सेनसारखं पेट घेणारं सॉल्व्हंट लागतं, ते शेतावर जमणारं नाही. केनियात अथी रिव्हरला, मादागास्करमध्ये बायोनेक्स कंपनीने असे कारखाने काढले. पण भाव! किलोला कधी हजार डॉलरच्या आसपास, तर काही वर्षांत तीनशेच्या खाली. चीन-व्हिएतनामने लागवड वाढवली की आफ्रिकेतला शेतकरी बटाट्याकडे परत, आपल्याकडे कांद्याचं होतं तसंच.

सिंकोना, ज्याच्या सालीतून क्विनाइन निघतं ते झाड? काँगोत बुकावूला फार्माकिना कंपनी वर्षानुवर्षं करतेय, पण साल काढायला सात-आठ वर्षं थांबायचं आणि गंभीर रुग्णाला आता क्विनाइनऐवजी आर्टेसुनेटचं (आर्टेमिसिनिनपासूनच बनतं) इंजेक्शन पहिलं. ज्याच्या नातवाला पैसे हवेत त्याने लावावा.

राहिल्या गोळ्या. युगांडात कंपालातल्या लुझिराला जो कारखाना झाला, मुंबईच्या सिप्लाच्या साथीने, तिथे लुमार्टेम बनतं, म्हणजे आर्टेमिसिनिनवालीच कॉम्बिनेशन गोळी, सहा डोस, तीन दिवस. सिप्ला २०२३ मध्ये बाहेर पडली तरी कारखाना तिथेच आहे. झाड आफ्रिकेतलं नसलं तरी गोळी आफ्रिकेत तयार होते, आणि पेशंटला फरक पडतो तो गोळीने. फक्त यात भांडवल आणि क्वालिटीचे कागद इतके की आमच्या मित्राच्या आवाक्याबाहेरचं.

त्याला सांगितलं, बटाटा सोडू नकोस, आर्टेमिसिया दोन एकरच लाव, आणि बी घ्यायच्या आधी खरेदीदाराकडून ओलावा किती चालेल, आर्टेमिसिनिन किती टक्के हवं आणि त्याखाली भरलं तर भाव काय, हे लेखी घे. तो म्हणाला खरेदीदार फोन उचलत नाही. मग बटाटाच कर म्हटलं.