दसरा ते आषाढ: रोडबाईकचे नऊ महिने आणि माझं खरं अ‍ॅव्हरेज

दसऱ्याला सायकल घरी आली. हँडलला झेंडूचा हार, आईने लावलेलं कुंकू, आणि गेटवर वॉचमनकाकांचा प्रश्न: "साहेब, अ‍ॅव्हरेज किती देते?" त्यांच्या लेखी अ‍ॅव्हरेज म्हणजे लिटरला किती किलोमीटर. तेव्हा हसलो, पण नंतरचे नऊ महिने मीही स्वतःला तेच विचारत आलोय, फक्त ताशी किलोमीटरमध्ये.

आधी गाडी आणि गडी. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानो क्लॅरिस गिअर (पुढे 2, मागे 8), 28 मिमीचे टायर, केबलचे डिस्क ब्रेक, वजन साधारण 11 किलो, किंमत 54 हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत चार-पाच जणांचा माल जवळपास सारखाच असतो. मी 44 वर्षांचा, 74 किलोचा, मुलुंडकर, दिवसभर खुर्चीत. आधी पाच वर्षं जाड टायरची 29 इंची एमटीबी (माउंटन बाईक) चालवली. तिच्यावर नवी मुंबईच्या पाम बीच रोडला जिवाचा आटापिटा करून 21 चं अ‍ॅव्हरेज पडायचं.

नव्या सायकलवर पहिल्याच रविवारी मीटरने 28 दाखवले. घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. महिनाभर हा थाट चालला. मग एकदा मित्राबरोबर शेजारी-शेजारी चालवताना त्याच्या जीपीएसवर 26 आणि माझ्याकडे 28. मी म्हटलं, तुझं जीपीएस गंडलंय. गंडलो होतो मी. स्पोकवरच्या चुंबकाचा मीटर जुन्या सायकलवरून काढून तसाच इकडे लावला होता आणि आत चाकाचा घेर जुनाच होता, 2288 मिमी. या चाकाचा घेर 2136. म्हणजे प्रत्येक फेरीला मी 15 सेंटीमीटर फुकट मोजत होतो. 28 चे झाले 26.1. ग्रुपवर मात्र दुरुस्ती टाकली नाही.

तरीही 21 वरून 26 हा फरक खराच आहे. लोक म्हणतात सायकल हलकी म्हणून पळते. सपाटीवर वजनाचा फारसा संबंध नाही. चार किलो कमी झाल्याने ताशी 30 ला जेमतेम दीड-दोन वॉट वाचतात. खरी बचत गुळगुळीत अरुंद टायर आणि वाकलेली पाठ यांची. एमटीबीवर आपण छाती काढून बसतो, म्हणजे वाऱ्याला दार उघडून देतो.

हा वारा फार महागडा. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. माझ्या मापाच्या माणसाला, वारा पडलेला असताना, रोडबाईकवर 25 ला सुमारे 100 वॉट लागतात, 30 ला 160 आणि 35 ला 235 च्या आसपास. (हिशेब ढोबळ आहे, पॉवरमीटर घेण्याची ऐपत नाही.) म्हणून 21 चे 26 एका दिवसात होतात आणि 28 चे 30 व्हायला अख्खा हिवाळा पुरत नाही.

गिअरचं म्हणाल तर पुढचं 50 दातांचं चेनव्हील, मागे 18 दाते आणि पायाच्या मिनिटाला 85 फेऱ्या, एवढ्यावर 30 चा वेग निघतो. 11 दातांवर, म्हणजे सर्वांत जड गिअरला, सपाटीला मी आजवर गेलेलो नाही. "मी 45 ने मारतो" म्हणणारे बरेच भेटतात. ते फ्लायओव्हरच्या उतारावर चार सेकंद दिसलेला आकडा सांगत असतात. इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गान्ना याने 2022 साली स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्शनच्या ट्रॅकवर तासात 56.792 किमी कापले, तो जगातला विक्रम. बेल्जियमच्या एडी मर्क्सचा 1972 चा, मेक्सिको सिटीतला, 49.431. आपण कोण, आपला पगार काय!

आता रस्त्यांबद्दल. मरीन ड्राइव्हवर फोटो चांगले येतात, अ‍ॅव्हरेज नाही. जेमतेम साडेतीन किलोमीटर, त्यात सिग्नल आणि मध्येच सेल्फीवाले. सी-लिंक आणि कोस्टल रोड म्हणजे खऱ्या अर्थाने टेबलासारखे रस्ते, पण तिथे सायकलला बंदी. आमच्यासाठी उरतो ऐरोलीचा पूल, ठाणे-बेलापूर रोड आणि मग पाम बीच. पहाटे सव्वापाचला पुलावर खाडीचा वास नाकात, दर जॉइंटला ढबकन एक दणका कमरेत, आणि अंगावरून जाणारे ट्रक. नेरूळच्या बाजूला उजेड होता होता फ्लेमिंगो दिसतात, तेवढ्यापुरता मीटर विसरायला होतो.

मीटरचं आणखी एक लबाड काम म्हणजे ऑटो-पॉज. सिग्नलला थांबलात की घड्याळही थांबतं. मुलुंड ते बेलापूर आणि परत असं माझं 'मूव्हिंग' अ‍ॅव्हरेज 27 येतं आणि घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचं 23. कुणी आकडा सांगितला की मी आता आधी हेच विचारतो, कुठला?

फेब्रुवारीत एका सुट्टीला दुपारी चारला गेलो, तेव्हा दुसरा धडा मिळाला. समुद्राचा वारा पाठीशी, वाशीकडून बेलापूरकडे 32 ने गेलो, जणू आपणच गान्ना. परतीला तोच वारा तोंडावर, 22 च्या वर काटा हलेना. 32 आणि 22, म्हणजे 27 ना? नाही, 26. वाऱ्याविरुद्ध वेळ जास्त जातो, त्यामुळे सरासरीत तोच जास्त भरतो. तोंडावरच्या वाऱ्याने घेतलेलं सगळं पाठीवरचा वारा परत देत नाही.

आणि मग काका भेटले. वाशीहून आठ जणांचा एक गट निघतो, त्यात हे एकसष्टीचे, बँकेतून निवृत्त. मी गटाच्या कडेला सुटा चालवत होतो. काका मागे न बघताच म्हणाले, "अरे, चाकामागे ये. वारा कशाला खातोस?" त्यांच्या चाकामागे हातभर अंतरावर घुसलो आणि कानातला घोंगाट एकदम बंद. 32, कधी 33, अर्धा तास. एकट्याने 28 ला माझे ठोके 160 वर जातात, तिथे 148. शिस्त मात्र कडक: पुढच्याने हात खाली केला की खड्डा, "डावीकडे" म्हटलं की रिक्षा. तिसऱ्या रविवारी माझं पुढचं चाक काकांच्या मागच्या चाकाच्या बाजूला सरकलं, ते किंचित डावीकडे आले, आणि मी कोपर सोलून घेतलं. काकांनी बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं. "अंतर," एवढंच म्हणाले.

मार्चमध्ये हँडलखालच्या दोन रिंगा काढून हँडल खाली घेतलं आणि कोपरं वाकवून चालवायला शिकलो. पैसे शून्य, वेग जवळपास एक किलोमीटरने वाढला. मान मात्र पंधरा दिवस दुखत होती.

तक्रारी आहेतच. सोबत आलेली सीट तासाभरात नको तिथे मुंग्या आणते. पहिल्याच महिन्यात बदलली. नऊ महिन्यांत सात पंक्चर, त्यातले पाच ट्रकच्या फाटक्या टायरमधल्या केसासारख्या तारांचे. खाऱ्या हवेने स्क्रू तांबडे पडलेत आणि पावसात ब्रेक असे किंचाळतात की हॉर्नची गरज नाही. फुकट सर्व्हिसच्या नावाखाली दुकानाने गिअरची केबल सैल सोडली होती, ती शेवटी कॉलनीतल्या सायकलवाल्याने 50 रुपयांत ओढून दिली.

घ्यावी का? रोज सपाटीवर 20-25 किलोमीटर जाणार असाल तर नक्की. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करायच्या असतील तरी पुरते: 200 किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी जेमतेम 15. तिथे पोह्यांच्या टपरीवर किती वेळ बसता ते जास्त महत्त्वाचं. फक्त खड्ड्यांतून स्टेशनला जायचं असेल तर 54 हजार घालू नका.

माझा आजवरचा सर्वांत चांगला एकट्याचा तास मेमधल्या एका निवांत पहाटेचा: 29.1 किमी. तीस अजून झालेले नाहीत. चेन बदलायला आलीय, पाम बीचवर पाणी साचतंय, आणि मीटर सध्या ड्रॉवरमध्ये आहे.