थडग्यांवरच्या लेखांसाठी डी/२ बायॉलॉजिकल सोल्यूशन: संथ, पण भरवशाचे

गावाच्या जुन्या दफनभूमीचा इतिहास लिहिताना नोंदवह्या फाटलेल्या किंवा गहाळ असतील, तर शिळेवरची अक्षरे हाच उरलेला पुरावा. ती शेवाळ आणि दगडफुलाखाली गेलेली असतात. ती साफ करायला डी/२ हे दगडावरची अशी वाढ मारणारे द्रावण घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ब्लीचने दगड तासाभरात पांढरा दिसतो, पण त्यातले क्षार छिद्रांत शिरतात, स्फटिक होऊन फुगतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड तर संगमरवर विरघळवतेच. डी/२ मध्ये अ‍ॅसिड, क्लोरीन, क्षार यांपैकी काहीच नाही. त्यातली चतुर्थक अमोनियम संयुगे (जंतुनाशकांतही असणारी रसायने) शेवाळ, बुरशी मारतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमींतल्या संगमरवरी शिळांवर ते तपासलेले आहे.

आधी बोटाने हलकी टिचकी मारून पाहा. बद्द आवाज आला, कडा साखरेसारख्या झडत असतील किंवा वालुकाश्माचे थर सुटत असतील, तर त्या शिळेला हातच लावू नका. दगड भक्कम असेल तर साध्या पाण्याने चिंब भिजवा. मग द्रावण पाणी न मिसळता फवारा आणि १० ते १५ मिनिटे थांबा. सुकू लागले तर पुन्हा फवारा. मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासत या. वरून सुरुवात केली की खालच्या कोरड्या भागावर ओघळ उमटतात. शेवटी भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर नकोच. थंडी गोठणबिंदूजवळ असेल तर काम पुढे ढकला.

जाड दगडफूल खरवडायचा मोह आवरा. त्याचे तंतू दगडात रुतलेले असतात आणि ओढले की अक्षराची कडही निघते. नुसते फवारून सोडून द्या. पहिल्या दिवसांत शिळा नारिंगी किंवा जांभळट दिसू शकते. मरणाऱ्या वाढीचा तो रंग, घाबरू नये. पुढचे काम ऊन-पाऊस काही आठवडे-महिने करत राहतात. घाईच्या माणसाला हे खटकेल.

लोखंडी कुंपणाचे गंजडाग मात्र याने जात नाहीत, आणि झिजलेले अक्षर कुठलेच क्लीनर परत आणत नाही. अशा वेळी आरशाने ऊन शिळेवर तिरपे पाडा. खडू न लावताही सावलीत आकडे उठून दिसतात. फोटो सफाईच्या आधीही घ्या, नंतरही.