सोनी वॉकमन एनडब्ल्यू-ए306 : आखाड्यावर काही महिने वापरल्यानंतर

"फोनवर सगळं मिळतं की, मग हे वेगळं कशाला?" वॉकमन, म्हणजे गाण्याच्या फाईली वाजवणारा हा खिशातला प्लेअर, घेतल्यापासून गावात भेटेल तो हेच विचारतो. फोनवर सगळं मिळत नाही, हे माझं त्यावरचं उत्तर. मला जे ऐकायचं असतं ते कुठल्याच अ‍ॅपवर नाही. वडिलांनी सप्त्यांमध्ये टेपरेकॉर्डर लावून भरून घेतलेली कीर्तनं आहेत. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या भजनी मंडळांच्या रात्ररात्रभराच्या बाऱ्या आहेत. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून टेप केलेलं शास्त्रीय गाणं आहे, आणि त्यात पं. नाथराव नेरळकरांचं गाणं आहे, ते मला जिवापाड आहे. हे सगळं कॅसेटींवरून उतरवून संगणकात होतं. ते नीट वाजवणारं, खिशात मावणारं आणि आडरानात रेंज नसली तरी चालणारं काहीतरी हवं होतं. हा लेख त्याच नजरेनं वाचावा. नव्या सिनेमांची गाणी ऐकणाऱ्याचा हिशोब वेगळा असू शकतो.

माझ्या ऐकण्याची मुख्य वेळ रात्रीची. कृषी फीडरला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीत ज्वारी, हरभरा, गहू भिजवायला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या निवाऱ्यावर, मुक्काम ठरलेलाच. तिथे फोन हे कामाचं अवजार असतं. मोटारीच्या स्टार्टरला सिमकार्डचा डबा बसवलेला आहे. लाईट आली-गेली की त्याचा फोन येतो, आणि त्याच फोनवरून मोटर चालू-बंद होते. अंधारात उजेडाची बॅटरी म्हणूनही तोच. अशा वेळी गाणी ऐकून फोनचं चार्जिंग संपवलं तर पहाटे मोटारीजवळ अंधारात चाचपडायची वेळ येते. म्हणून प्लेअर वेगळाच पाहिजे होता.

यंत्राची ओळख थोडक्यात. हे 2023 साली आलेलं मॉडेल. 3.6 इंची टचस्क्रीन, वजन 113 ग्रॅम, ॲल्युमिनियमची चौकट, जाडी जेमतेम 12 मिलिमीटर. आत अँड्रॉइड आहे, पण सिम नाही, कॅमेरा नाही. स्वतःची जागा 32 जीबी म्हणतात; त्यातली बरीच अँड्रॉइडच खातं आणि आपल्याला साधारण 18 जीबी उरते. मायक्रोएसडी कार्ड मात्र बसतं, त्यामुळे जागेची काळजी नाही. मी घेतलं तेव्हा किंमत साधारण सव्वीस हजारांच्या घरात होती. आमच्याकडे एवढ्यात चांगला फोन येतो, हे मलाही कळतं.

ज्यासाठी पैसे वसूल झाले असं वाटतं ती गोष्ट म्हणजे बटणं. उजव्या कडेला ओळीनं चालू-बंद, आवाज कमी-जास्त, मागे, थांबा-चालू, पुढे अशी खरीखुरी बटणं आहेत आणि खाली होल्डची सरकपट्टी. दारं धरताना, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवताना, हाताला चिखल असतो, पाण्यानं बोटं गारठलेली असतात. टचस्क्रीन तेव्हा ओल्या बोटाला दाद देत नाही. इथे बंडीच्या खिशावरूनच, यंत्र बाहेर न काढता, अंगठ्यानं बटण चाचपून कीर्तन थांबवता येतं. एका वाफ्याचं दार बांधून दुसऱ्याचं मोडायचं, तेवढ्यात पाटाला कुठे फूट गेल्याचा आवाज आला तर क्षणात सगळं बंद करता आलं पाहिजे. ते होतं. आणि होल्ड लावला की खिशातल्या दाबानं काही सुरू होत नाही, बंद होत नाही. घरी आईसुद्धा ह्या बटणांमुळेच तो वापरते. पहाटे तिला हरिपाठ लागतो. ब्लूटूथच्या स्पीकरला जोडून ठेवला की मधलं बटण चालू-थांबायला आणि त्याच्या पुढचं पुढच्या अभंगाला, एवढं तिला पुरतं. स्क्रीनला ती हातही लावत नाही.

आता एका कानाची गोष्ट. रानात रात्री दोन्ही कान बंद करून बसणं शहाणपणाचं नाही. जनावराची चाहूल लागली पाहिजे, कुत्रं का भुंकतंय ते कळलं पाहिजे, मोटारीचा सूर बदलला की ओळखता आला पाहिजे. म्हणून इयरफोन एकाच कानात, तोही वायरचा. बिनवायरीचा बोंडाएवढा इयरफोन चिखलात पडला तर तो गेलाच समजायचं. वायर शर्टाच्या आतून घेतली की फावड्याला अडकत नाही. पण एका कानात ऐकताना स्टिरिओ रेकॉर्डिंग अर्धंच पोचतं. पेटी एका बाजूला, पखवाज दुसऱ्या बाजूला असेल तर दोन्हींपैकी एक हरवतो. जुन्या कॅसेटी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या, म्हणजे मुळातच एका मायक्रोफोनच्या, मोनो. त्या उतरवतानाच संगणकावर मोनो केल्या की एका कानात पूर्ण कीर्तन येतं आणि फाईलही लहान ठेवता येते. नव्या स्टिरिओ रेकॉर्डिंगसाठी अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचा पर्याय असतो. पण शास्त्रीय गाणं मी एका कानात ऐकतच नाही. ते पाणी बंद झाल्यावर, आखाड्यात बाजेवर, दोन्ही कानांनी.

आवाज कसा आहे? गाणाऱ्याचा गळा जवळ आल्यासारखा वाटतो. तंबोरा मागे कुठेतरी गुणगुणत असतो तो माझ्या फोनवर नुसता घोंगावल्यासारखा ऐकू यायचा, इथे त्याच्या तारा कळतात. यात एस-मास्टर नावाचा डिजिटल ॲम्प्लिफायर आहे आणि साध्या इयरफोनला तो भरपूर पुरतो. डीएसईई अल्टिमेट नावाची सोयही आहे. एमपी3 करताना जे वरचे सूर कापले जातात ते अंदाजानं भरून काढण्यासाठी ती केलेली आहे. बाजारातून घेतलेल्या एमपी3 गाण्यांवर तिचा थोडा उपयोग जाणवतो. कॅसेटच्या सुसकाऱ्यावर, घासलेल्या फितीवर तिचा इलाज नाही. तिचं ते कामच नव्हे. वर तिनं बॅटरीही जास्त लागते. कीर्तनांना मी ती बंदच ठेवतो.

मला खरी कामाची वाटली ती डायनॅमिक नॉर्मलायझर ही साधीशी सेटिंग. माझ्याकडचं एक कीर्तन अगदी हळू आवाजात भरलेलं, दुसरं भोंग्याशेजारी बसून भरलेलं. एकावरून दुसऱ्यावर गेलं की कानात आरोळी ठोकल्यासारखं व्हायचं. ही सेटिंग लावली की आवाजाची पातळी सारखी राहते. शास्त्रीय ऐकताना मात्र ती काढून टाकावी, कारण गायकानं मुद्दाम खाली आणलेला सूर तिला कळत नाही.

दहा पट्ट्यांचा इक्वलायझर आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर. सप्त्याच्या मंडपात भरलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पखवाजाचा घुमारा एवढा असतो की महाराजांचे शब्द त्यात बुडतात. 125 आणि 250 हर्ट्झच्या पट्ट्या तीन-चार पायऱ्या खाली घेतल्या आणि 2 किलोहर्ट्झची एखादी पायरी वर केली की निरूपण स्वच्छ ऐकू येतं. टाळ कानात टोचत असतील तर 8 किलोहर्ट्झची पट्टीही थोडी उतरवावी. हे एकदा जमवून साठवून ठेवलं की काम झालं. क्लिअरऑडिओ प्लस नावाचं बटण चालू असेल तर हे सगळं बाजूला पडतं आणि यंत्र स्वतःच्या मनानं आवाज ठरवतं, म्हणून ते आधी बंद करायचं.

देवनागरीचं काय, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना असतो. जुन्या स्वस्त एमपी3 प्लेअरवर मराठी नावं टाकली की चौकोनी खोकी दिसायची. इथे अँड्रॉइड असल्यामुळे जोडाक्षरांसकट सगळं नीट दिसतं. पण नावं टाकायची शिस्त आपण पाळावी लागते. ज्ञानेश्वरीचे 18 अध्याय 1, 2, 3 असे न टाकता 01, 02, 03 असे टाकावेत, म्हणजे कुठल्याही प्लेअरमध्ये क्रम बिघडायची भीती राहत नाही. दुसरी एक बारीक अडचण लवकर लक्षात येत नाही. "वाऱ्या" किंवा "बाऱ्या" यांतला र कीबोर्डागणिक वेगवेगळ्या पद्धतीनं टंकला जातो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एकाच अल्बमचे दोन तुकडे होऊन बसतात. नाव एकदा टंकून सगळीकडे तेच चिकटवलं की हे टळतं. दुकानातून कार्ड भरून आणलं असेल तर आतल्या टॅगमध्ये कुठल्या कुठल्या वेबसाइटींची नावं भरलेली असतात, तीही संगणकावर साफ करून घ्यावीत. मी शेवटी फोल्डरनंच ऐकतो: गाव, मग साल, मग कीर्तनकार. फोल्डर पाहून वाजवायची सोय कंपनीच्या प्लेअरमध्ये आहे, हे फार बरं झालं.

गाणं वाजत असताना स्क्रीनवर कॅसेट फिरताना दिसते, असाही एक देखावा आहे. फाईल कुठल्या प्रकारची आहे त्यानुसार कॅसेटचं रूप बदलतं. माझ्या वडिलांच्या कॅसेटींतलंच कीर्तन त्या फिरणाऱ्या चाकांसोबत ऐकताना मला आनंद होतो. मात्र स्क्रीन पेटती राहते आणि बॅटरी जाते, म्हणून घरी चार्जरजवळ असतानाच.

लांब रेकॉर्डिंगसाठी कंपनीचा प्लेअर मला थोडा अपुरा वाटतो. तो गाण्यांसाठी घडवलाय, पाच-सहा मिनिटांच्या तुकड्यांसाठी. दोन तासांचं कीर्तन अर्ध्यात ठेवून दुसरं काही ऐकलं, तर परत आल्यावर प्रत्येक फाईलची खूण जिथल्या तिथे मिळावी अशी माझी गरज. ती भागवायला प्ले स्टोअरवरून श्राव्य पुस्तकांसाठीचं एक अ‍ॅप घेतलं. ते प्रत्येक फाईलची जागा लक्षात ठेवतं, तीस सेकंद मागे जातं, वेग कमी करतं. यात अँड्रॉइड असल्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. बाकी इंटरनेटवरून गाणी ऐकायचीच असतील तर वायफायवर चालतं, पण प्रोसेसर साधा आहे, फोनची चपळाई इथे शोधू नये.

जागेचा हिशोब सांगतो. बोलण्याचं रेकॉर्डिंग 128 केबीपीएस एमपी3 मध्ये ठेवलं तर मिनिटाला साधारण 1 एमबी लागतो, म्हणजे दोन तासांचं कीर्तन 115 एमबीच्या आसपास. 128 जीबीच्या कार्डात अशी हजारावर कीर्तनं मावतात. तेच सीडीच्या दर्जाचं, न दाबलेलं ठेवलं तर दोन तासांना सव्वा जीबी लागतो. म्हणून मी मूळ प्रत संगणकावर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर मोठ्या स्वरूपात ठेवतो, शास्त्रीय गाणं प्लेअरमध्ये फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली फाईल) करून घेतो आणि कीर्तनं एमपी3. कार्ड दर्जेदार कंपनीचंच घ्यावं.

बॅटरी कंपनी 36 तास सांगते. ते कंपनीच्याच प्लेअरवर, स्क्रीन बंद ठेवून सीडी दर्जाची फ्लॅक फाईल वाजवल्यावरचं गणित आहे. दुसरं अ‍ॅप, इक्वलायझर, ब्लूटूथ हे सगळं आलं की तास कमी होणारच. माझी रात्रपाळी मात्र आरामात निघते आणि दुसऱ्या रात्रीलाही पुरते. वायफाय बंद ठेवायचं आणि बरेच दिवस वापर नसेल तर यंत्र पूर्ण बंद करायचं. टाईप-सी असल्यामुळे फोनचीच वायर चालते. इयरफोन मात्र डब्यात येत नाही, तो खर्च वेगळा धरावा.

उन्हाळ्याचं आपल्या भागातल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावं. यंत्र वापरायचं तापमान 5 ते 35 अंश असं कंपनी सांगते. परभणीला मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत सहज जातो, पत्र्याच्या आखाड्यात त्याहून जास्त. लिथियमची बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते. म्हणून दुपारी प्लेअर मोटरसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याखाली न ठेवता घरात, माठाच्या कोनाड्याजवळ कोरड्या जागी ठेवतो. पाणी-धुळीपासून संरक्षणाचं कुठलंही प्रमाणपत्र याला नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बारीक तंतू वायरच्या छिद्रात जाऊन बसतात, तेव्हा साधं कापडी पाकीट शिवून घ्यावं. आमच्या शिंप्यानं उरलेल्या खादीतून शिवून दिलं, बटणं वरून दाबता येतात.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. ज्यांचं सगळं ऐकणं यूट्यूबवर आहे त्यांनी घेऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना फक्त जुनी गाणी लावून द्यायची असतील तर सारेगामाचं कारवां स्वस्तात पडतं, त्यात गाणी भरलेलीच येतात आणि त्याला स्पीकरही आहे. पण ज्यांच्या घरी पेटीभर कॅसेटी पडून आहेत, ज्यांच्याकडे सप्त्याचं, शाहिरीचं, भारुडाचं, लग्नातल्या बायकांच्या गाण्यांचं स्वतःचं रेकॉर्डिंग आहे, त्यांना असा प्लेअर फार उपयोगी पडतो. हाच घ्यावा असं नाही. बटणं, होल्ड आणि कार्डाची जागा, ह्या तीन गोष्टी पाहून कुठलाही घ्यावा.

कॅसेटी असतील तर प्लेअर घ्यायच्या आधी त्या उतरवून घ्या, ही मात्र हात जोडून विनंती. पावसाळ्यात फितीवर बुरशी येते, फितीला मागून दाबणारी स्पंजाची गादी सुटते, आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आता शोधून सापडत नाही. सुरू करण्यापूर्वी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. टेपचं हेड कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दर दोन-तीन कॅसेटींनंतर पुसा. हेडफोनच्या छिद्रातून संगणकाच्या लाईन-इनला वायर जोडा, ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर चालतं. आवाजाची पातळी तांबड्या रेषेच्या बरीच खाली ठेवा, कारण कीर्तनात जयघोष कधी उठेल सांगता येत नाही आणि एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. आणि कॅसेटच्या कव्हरवर वडिलांच्या, काकांच्या अक्षरात जे लिहिलंय त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.