४.८ डायनॅमिक रेंजच्या नावाखाली बाबांच्या ४१२ स्लाइड्स स्कॅन करून घेतल्या, माझी फसवणूक कशी झाली ते वाचा

लिहायला उशीरच झाला खरं तर. पण हल्ली घरोघरी जुने अल्बम, निगेटिव्ह, स्लाइड्सचे डबे बाहेर निघतायत, स्कॅन करून देणारेही गल्लोगल्ली झालेत आणि मला ज्या एका आकड्यावर फसवलं (४.८ डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात उजळ ते सगळ्यात गडद यातला किती फरक स्कॅनर पकडतो) तोच आकडा परवा अजून दोन ठिकाणच्या रेटकार्डवर बघितला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. थोडं टेक्निकल होईल पण ते समजलं नाही तर फसलोय हेच समजत नाही, माझं तेच झालं होतं.

बाबा ट्रेकिंगवाले. ८० च्या दशकात ओरवो कंपनीची स्लाइड फिल्म (कागदी प्रिंट न काढता थेट प्रोजेक्टरवर दाखवायचे पारदर्शक फोटो), नंतर कोडॅकची एक्टाक्रोम, असं करत त्यांनी सह्याद्री पालथा घातला. दिवाळीत भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर सगळ्यांना दाखवायचे. त्यातली एक स्लाइड आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वरच्या गुहेतली, १९८६ ची. ज्यांनी ती गुहा बघितलीय त्यांना माहितीय, मध्ये मोठं शिवलिंग, भोवती कंबरभर गार पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत आणि आत उजेड कमी. बाबांनी फ्लॅश न वापरता ट्रायपॉड लावून ८ सेकंदांचं एक्स्पोजर दिलेलं, त्यांच्या वहीत तसं लिहिलंय. त्या उभ्या खांबाच्या मागे सावलीत आई उभी आहे, खांद्याला शबनम पिशवी. प्रोजेक्टरवर खोलीत पूर्ण अंधार केला की आई दिसायची, म्हणजे आधी काळंच दिसायचं आणि मग डोळे सरावले की हळूहळू चेहरा यायचा.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. प्रोजेक्टरचा दिवा गेला, तसा मिळेना, आणि पावसाळ्यात दोन डब्यांत फंगस दिसला तेव्हा म्हणलं आता थांबायला नको, स्कॅन करूनच घेऊ. एका दुकानाची चौकशी केली (नाव घेत नाही), मालक बोलायला अगदी गोड. म्हणाला साहेब साधा स्कॅन १५ रुपये, प्रीमियम ६० रुपये, प्रीमियममध्ये ४८०० डीपीआय, १६ बिट टिफ आणि डायनॅमिक रेंज ४.८, ड्रम स्कॅनरच्या बरोबरीचं काम, तुमच्या अंधाऱ्या स्लाइड्सना हेच लागेल. (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, बिटवरून ठरतं उजेडाच्या किती पायऱ्या नोंदवता येतात, टिफ म्हणजे सहसा दर्जा न घालवता फोटो ठेवणारी फाइल, आणि ड्रम स्कॅनर म्हणजे छपाईवाल्यांचं भारी मशीन.) मी केदारेश्वरची स्लाइड दाखवून मुद्दाम विचारलं, ही येईल का? म्हणाला हीच तर येईल. ४१२ स्लाइड्स, २४,७२० रुपये, निम्मे आधी, निम्मे डिलिव्हरीला. बिलावर फक्त "फोटो स्कॅनिंग ४१२ नग". ते बिल मी वाचलंच नाही नीट, ते पुढे नडलं.

तीन आठवड्यांनी हार्डडिस्क मिळाली. एकेक फाइल १८० एमबीच्या आसपास, ४८०० डीपीआयला १६ बिटची तेवढीच यायला पाहिजे, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. उन्हातले फोटो झकास. मग केदारेश्वर उघडला तर खांबाच्या मागे ठार काळं. आई नाही. मला आधी वाटलं माझा मॉनिटर, मग वाटलं स्लाइडच उतरली असेल एवढ्या वर्षांत. ब्राइटनेस वाढवला तर काळ्याच्या जागी चौकोन चौकोन दिसायला लागले, बाथरूमच्या टाइल्ससारखे.

इथे मला एका काकांनी मदत केली. आमच्याच सोसायटीत राहतात, पुण्यात प्रीप्रेसमध्ये (छपाईच्या आधीच्या कामात) आयुष्य गेलं, ड्रम स्कॅनर चालवायचे. फाइल बघून म्हणाले, "अरे शॅडो पूर्ण भरल्यात, आणि हे चौकोन जेपेगचे आहेत, टिफमध्ये हे येतातच कसे?" शॅडो भरल्या म्हणजे सावलीतला तपशील जाऊन नुसतं काळं उरलं. आणि जेपेग फाइल लहान करायला फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबतं. इथले तुकडे मोजले तर १६ बाय १६ निघाले, म्हणजे स्कॅन २४०० डीपीआयला करून जेपेग केला, मग तोच ओढून दुप्पट केला आणि टिफ म्हणून सेव्ह केला. हे एवढं बघायला फक्त झूम करायची गरज होती आणि मी तीन आठवडे नुसतं हार्डडिस्क आली म्हणून खूष होतो.

१६ बिटचंही तसंच. फोटोशॉपचा हिस्टोग्राम (कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल ते सांगणारा आलेख) २५६ खान्यांतच दाखवतो, त्यामुळे तिथे खोटा १६ बिट पकडता येत नाही. भाची इंजिनियरिंगला आहे, तिने पायथनमध्ये चार ओळी लिहून मोजलं की फाइलमध्ये प्रत्यक्ष वेगवेगळ्या किमती किती आहेत. खऱ्या १६ बिटमध्ये एका चॅनेलला (लाल, हिरवा, निळा यातल्या एका रंगाला) ६५,५३६ पर्यंत पायऱ्या असू शकतात, एवढ्या मोठ्या फोटोत हजारो तरी सापडायला पाहिजेत. आमच्या फाइलमध्ये सापडल्या २५६ किंवा त्याहून कमी, आणि प्रत्येक किंमत २५७ ने भाग जाणारी, ०, २५७, ५१४, ७७१ अशी. कारण ८ बिटची फाइल १६ बिट करायची तर प्रत्येक आकड्याला २५७ ने गुणतात, बाकी काही नाही. डबा मोठा, माल तेवढाच.

आता मुख्य गोष्ट, तो ४.८. काकांनी मला दोन संध्याकाळी बसवून समजावलं, मी जमेल तसं सांगतो. फिल्म किती उजेड अडवते त्याच्या लॉगला (दहाचा कितवा घात ते) डेन्सिटी म्हणतात. डेन्सिटी १ म्हणजे दहावा हिस्सा उजेड पलीकडे जातो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा, आणि दर ०.३ ला उजेड निम्मा होतो म्हणजे फोटोग्राफीतला एक स्टॉप. कागदी प्रिंटचा काळा जेमतेम २ च्या आसपास असतो पण चांगल्या स्लाइडचा काळा ३.५ च्या घरात किंवा थोडा वरही जातो, म्हणूनच स्लाइडची सावली काढणं सगळ्यात अवघड. मग ४.८ कुठून आला? ६५,५३६ चा लॉग काढा, ४.८ येतो. १४ बिटचा काढा, ४.२. १२ बिटचा, ३.६. म्हणजे हा आकडा कोणी स्कॅनरवर फिल्म ठेवून मोजलेला नसतो, बिट्सवरून काढलेला हिशोब असतो. शिडीला पायऱ्या किती आहेत ते सांगितलं, ती विहिरीच्या तळाला पोचते का ते नाही सांगितलं. तळाशी सेन्सरचा स्वतःचा नॉइज (उजेड नसतानाही येणारी खरखर) असतो, लेन्समध्ये आणि काचेवर इकडेतिकडे सांडलेला उजेड असतो, ते सगळं मिळून खरी रेंज खातात. आणि ४.८ इतकी काळी जागा माझ्या एकाही स्लाइडमध्ये नाही, मग ४.८ चा दाखला तरी तो कशावर देणार होता?

हे मोजायचं रीतसर स्टँडर्डसुद्धा आहे, आयएसओ २१५५०, २००४ सालचं, खास स्कॅनरच्या डायनॅमिक रेंजसाठी. त्याचा गाभा सोपा आहे, ज्यांची डेन्सिटी माहितीय अशा राखाडी पायऱ्या स्कॅन करायच्या आणि बघायचं की कोणत्या पायरीला सिग्नल नॉइजमध्ये बुडतो.

काकांकडे आयटी८ टार्गेटची (स्कॅनर तपासायच्या ठरावीक नमुन्याची) ३५ मिमी स्लाइड होती. त्यात रंगांचे चौकोन असतात आणि खाली पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २४ राखाडी घरं, सोबत प्रत्येक घराची मोजलेली किंमत लिहिलेली फाइल. त्या फाइलमध्ये वाय म्हणून उजेडाची किंमत असते, १०० ला त्याने भागून लॉग घेतला की डेन्सिटी. माझ्याकडे अजून ३० स्लाइड्सचा एक डबा राहिला होता, त्यातली एक काढून तिथे ही टार्गेट स्लाइड साध्या माउंटमध्ये घालून ठेवली आणि त्याच दुकानात, त्याच प्रीमियम रेटने दिली. १,८०० रुपये अजून गेले पण ते गेले त्याचं वाईट वाटत नाही.

फाइल आल्यावर इमेजजे नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक घर सिलेक्ट करून सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (किमती सरासरीपासून किती इकडेतिकडे होतात, म्हणजे नॉइज) घेतलं. टार्गेटमधलं शेवटचं घर ३.३ च्या वर होतं. आमच्या स्कॅनमध्ये २.३ च्या आसपास फरक संपला, त्यापुढची सगळी घरं एकच काळं. २.३ म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद यात २०० पट. ४.८ म्हणजे ६३,००० पट. मला सांगितलेलं ते आणि मला मिळालेलं हे.

इथे एक सापळा आहे तो मोजणाऱ्यांनी लक्षात घ्या. त्या शेवटच्या घरांचं स्टँडर्ड डेव्हिएशन शून्य आलं. मला वाटलं वा, नॉइजच नाही. काका म्हणाले नॉइज नाही कारण तिथे काहीच नाही, सॉफ्टवेअरने ऑटो काँट्रास्टमध्ये (उजळ-गडद फरक आपोआप वाढवताना) सगळं शून्याला नेऊन आपटलंय. त्यामुळे नुसता नॉइज बघून चालत नाही, शेजारच्या दोन घरांच्या सरासरीत फरक उरलाय का आणि तो नॉइजपेक्षा मोठा आहे का हे बघायचं. आणि ही रेंज त्यांच्या मशीनची नाही, मशीन अधिक ऑटो सेटिंग अधिक जेपेग, या सगळ्याची आहे. मशीन कदाचित चांगलं असेलही, पण मी पैसे फाइलचे दिले होते.

मालकाकडे गेलो. आधी म्हणाला तुमचा मॉनिटर ८ बिट आहे, १६ बिट दिसणारच नाही. मग म्हणाला बघायला ८ बिट पुरतं. यातलं दुसरं अर्धं खरं आहे हे मी मानतो, नीट गॅमा देऊन (म्हणजे गडद भागाला जास्त पायऱ्या देऊन) केलेल्या ८ बिट फाइलमध्येही सावली बऱ्यापैकी राहू शकते, पण एकदा काळं कापून टाकलं आणि वर जेपेग केला की मागून कितीही बिट चिकटवले तरी ते परत येत नाही. शिवाय मी ६० रुपये कशाचे दिले? मग म्हणाला स्लाइडच उतरल्यात. तेव्हा मी काकांनी घरी त्यांच्या फिल्म स्कॅनरवर केलेला केदारेश्वरचा स्कॅन त्याच्यासमोर ठेवला. गप्प बसला आणि म्हणाला प्रीमियमचं काम बाहेर जातं, तिकडच्यांची चूक असेल. पाच फेऱ्या आणि खूप फोन झाल्यावर ६,००० परत मिळाले, बाकीचे नाहीत.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, तक्रार नोंदवून घेतली. २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण पहिला प्रश्न हाच की ४.८, १६ बिट, ४८०० हे कबूल केल्याचा पुरावा काय? तोंडी बोलणं आणि व्हॉट्सॲपवर आलेलं एक रेटकार्ड, ज्यात फक्त "प्रीमियम क्वालिटी". म्हणून हात जोडून सांगतो, डीपीआय, बिट, फाइलचा प्रकार हे बिलावर लिहून घ्या, आधी एकच स्लाइड द्या, आणि तीही डब्यातली सगळ्यात अंधारी, उन्हातला सुंदर फोटो कोणताही स्कॅनर काढतो. ऑटो करेक्शन बंद ठेवून स्कॅन द्या म्हणा, फिका दिसला तरी चालेल, तो नंतर सुधारता येतो. आणि जो ४.८ म्हणेल त्याला विचारा की कोणत्या टार्गेटवर मोजला, फाइल दाखवा. बघा काय उत्तर येतं ते.

स्लाइड्स परत आल्या हे त्यातल्या त्यात नशीब. सात-आठांवर कापडाने पुसल्याचे ओरखडे आहेत, ते जाणार नाहीत. आता काकांच्या स्कॅनरवर मीच करतोय, एक स्लाइड १६ वेळा वाचायची आणि सरासरी घ्यायची, त्याने नॉइज चौथाईवर येतो म्हणजे काळ्यात ०.६ जास्त मिळतात, अंधाऱ्या स्लाइडला परत एकदा जास्त एक्स्पोजरने घेऊन दोन्ही जोडायचे. संध्याकाळी चार-पाचच होतात. आजपर्यंत ७२ झाल्या.

केदारेश्वर आईला टीव्हीवर मोठा करून दाखवला. ती स्वतःकडे बघतच नव्हती, खांबाच्या अजून मागे बोट दाखवून म्हणाली, "ते बघ, नाना पण आलेले की रे." नानाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ते ८८ साली गेले. प्रोजेक्टरवर इतकी वर्षं बघूनही ते तिथे आहेत हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.