मालवाहू विमाने कोणाच्या हाती: मध्यवर्ती कमांडच्या की प्रादेशिक सेनापतींच्या?

अमेरिकी सैन्यदलांत मालवाहू विमानांच्या वाटपाच्या दोन पद्धती शेजारीशेजारी नांदतात. लांब पल्ल्याची बहुतेक विमाने १९८७ मध्ये स्थापन झालेल्या वाहतूक कमांडच्या अखत्यारीत असून, प्रादेशिक सेनापतींच्या (म्हणजे जगाच्या एकेका भागातील अमेरिकी सैन्याच्या प्रमुखांच्या) मागण्या एकमेकींवर आदळल्या की प्राधान्यक्रम पाहून विमान दिले जाते. जपानमधील योकोता आणि जर्मनीतील रामश्टाइन येथील सी-१३० ही मध्यम आकाराची मालवाहू विमाने मात्र त्या त्या प्रदेशाकडेच नेमून दिलेली आहेत.

मध्यवर्ती पद्धतीचे बळ बर्लिनच्या हवाई पुरवठ्यात दिसले; सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनला तेव्हा विमानांनी माल पोचवला जात होता. १३ ऑगस्ट १९४८ रोजी हवामान इतके बिघडले, की उतरण्याची वाट पाहणारी विमाने शहरावर एकावर एक थर धरून घिरट्या घालू लागली आणि त्यांतल्याच एका विमानात या पुरवठ्याचे प्रमुख जनरल विल्यम टनर स्वतः अडकले होते. त्यांनी खोळंबलेली विमाने परत पाठवली. पुढे नियमच झाला, की पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही तर मालासकट तळावर परतायचे. भरलेले विमान माघारी नेणे वैमानिकाला उफराटे वाटले असेल, पण मागची रांग त्यामुळेच वाहती राहिली. सगळा ताफा एका हाती असल्याखेरीज असा नियम पाळला जात नाही.

या पद्धतीचा दोष असा, की तिचा हिशेब टनांत चालतो. लांब पल्ल्याचे सी-१७ सुमारे ७७ टन वाहते आणि सी-१३० सुमारे १९ टन. अशा विमानातून एकच सुटा भाग पाठवला, तर नोंदवहीत ती फेरी वाया गेलेली दिसते. त्या भागावाचून ज्याचे वाहन आघाडीवर उभे आहे, त्या सेनापतीचा हिशेब वेगळा असतो. व्हिएतनाममध्ये सुमारे ३ टन वाहणारी कॅरिबू विमाने आखूड, कच्च्या धावपट्ट्यांवर उतरत आणि भूदलाच्या हाती असल्यामुळे हाकेसरशी निघत. भूदल आणि हवाई दल यांच्यातील १९६६ च्या समझोत्यानुसार जानेवारी १९६७ मध्ये ती हवाई दलाकडे गेली. बदल्यात हेलिकॉप्टरांबाबत भूदलाला मोकळीक मिळाली, हा सौदा मला तरी भूदलाच्या फायद्याचा वाटतो.

नेमून दिलेल्या विमानांचीही किंमत मोजावी लागते. एका प्रदेशात ती निवांत उभी असताना दुसरीकडे माल साचतो, आणि हातातले विमान आपणहून सोडणारा सेनापती विरळाच.

म्हणून खंडांतराची वाहतूक मध्यवर्ती ठेवावी आणि प्रदेशातला शेवटचा टप्पा सेनापतीकडे द्यावा, असे माझे मत आहे. मात्र विमान परत मागवण्याचा अधिकार कोणाला आणि किती मुदतीच्या सूचनेने, हे नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेले असावे. विमानांचा ताबा न बदलता त्यांच्या रोजच्या फेऱ्या भूदलाच्या तुकडीने ठरवायच्या, असा मधला मार्गही आहे. २०११ मध्ये कंदाहारला पाठवलेली हवाई दलाची सी-२७ ही छोटी मालवाहू विमाने याच रीतीने भूदलाच्या थेट दिमतीला होती, परंतु पुढच्याच वर्षी खर्चकपातीत हा सगळा ताफाच मोडीत काढण्याचे ठरले.