पाणी ओसरल्यानंतरचे आठ महिने : वॉर्डाच्या मदतीचा माझा अनुभव

घरात पावसाचं पाणी शिरलं तर मुंबई महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसकडून काय मिळतं, किती दिवसांत मिळतं आणि गाडी कुठे अडते, हे विचारणारे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात. बहुतेक माझ्या गिऱ्हाइकांचे, नाहीतर त्यांच्या जावा-नणंदांचे. प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. पहिल्या तीन दिवसांच्या कामाला मी पाचपैकी साडेचार देईन. पुढच्या आठ महिन्यांना दीड, आणि त्या दीडातला एक आमच्या आरोग्यसेविकेचा आहे.

मिठी नदीपासून चालत दहा मिनिटांवर आमची बैठी चाळ आहे. एक खोली, वर पोटमाळा, दाराशी माझं शिलाई मशीन. फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवून घर चालतं. 8 जुलै 2024, सोमवार. रात्री एक ते सकाळी सात, या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी 300 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. म्हणजे तासाला सरासरी 50. ब्रिमस्टोवॅड या पालिकेच्या पावसाळी गटारं सुधारायच्या प्रकल्पात गटारांची क्षमता तासाला 25 मिलिमीटरवरून 50 वर न्यायची ठरली होती. ते काम शेवटच्या गल्लीपर्यंत पोचलं असतं, तरी त्या रात्री गटारं काठोकाठच वाहिली असती. आमच्याकडे पहाटे साडेचारला मोरीतून पाणी उलटं वर आलं. दारातून नंतर, आधी मोरीतून. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना तो गुडगुड आवाज जन्मभर पुरतो.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सासूबाईंना घेऊन मी याच पोटमाळ्यावर दोन रात्री काढल्या होत्या. त्या मानाने हे पाणी कमी, मांडीपर्यंत. दुपारच्या भरतीला जागीच थांबलं, चारनंतर उतरायला लागलं आणि दिवेलागणीला फरशी दिसली. म्हणजे घर साधारण चौदा तास पाण्यात होतं. हा चौदा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

आधी जे चांगलं झालं ते. पहाटे सव्वापाचला 1916 ला, म्हणजे पालिकेच्या आपत्कालीन मदत क्रमांकाला, फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नाला लागला, पण लागल्यावर पलीकडच्या बाईंनी पत्ता, जवळची खूण, घरात म्हातारं किंवा आजारी माणूस आहे का, वीज बंद केलीत का, सगळं शांतपणे विचारलं आणि तक्रार क्रमांक दिला. तो लिहायला कागद कोरडा नव्हता, पेनाने दाराच्या चौकटीवर लिहिला. अजून आहे तिथे. अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी पंप लागला. मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली, मागोमाग आणखी दोन. सोबतचे मुकादम प्रत्येक दारात थांबून सांगत होते, "ताई, गादी वाळवायच्या भानगडीत पडू नका. वरून वाळते, आतून नाही. द्या टाकून." आमची लग्नातली कापसाची गादी चार जणांना उचलेना, इतकं पाणी प्यायली होती. त्या माणसांनी कुठेही नाक मुरडलं नाही. त्यांच्या हातात मोजे होते, पण पायात साध्या चपला. हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

त्याच दुपारी समाजमंदिरात औषधांचं शिबिर लागलं. इथे जरा थांबून लिहिते, कारण दरवर्षी लोक हीच गोष्ट हलक्यात घेतात. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाच्या छोट्याशा भेगेतूनही लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू अंगात जातात. 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने किती घरं हादरली होती, ते आमच्या पिढीला आठवतं. पाण्यातून चालल्यावर 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यायचं असतं. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायकांना ते चालत नाही, त्यांना दुसरं औषध देतात. शिबिरात हे नीट समजावून सांगितलं. माझ्या टाचेला भेगा होत्या म्हणून मला वेगळं बसवून पाय तपासले. एक पैसा लागला नाही. शिबिर चुकलं तर पालिकेचा 'आपला दवाखाना' सकाळी सात ते दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा उघडा असतो, तिथे जायचं.

आता आमच्या आरोग्यसेविका. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. गल्लीतल्या प्रत्येक घराला त्यात एक पान. किती माणसं, कोण पाण्यात उतरलं, कोणी गोळी घेतली, कोणी घेतली नाही आणि का नाही. पुढचे सहा आठवडे दर गुरुवारी त्या आल्या. पावसात आल्या, स्वतःला ताप असताना एकदा आल्या. तिसऱ्या गुरुवारी शेजारच्या वहिनी सहज म्हणाल्या, पोराला कणकण आहे, क्रिकेट खेळून पोटऱ्या भरल्यात. सेविकाताईंनी वही मिटली, पोराच्या डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, डोळे लाल. "वहिनी, हे क्रिकेटचं नाही," एवढंच बोलल्या आणि रिक्षा थांबवून दोघांना घेऊन गेल्या. लेप्टोच निघाला. नऊ दिवस दवाखान्यात काढून पोरगा घरी आला, आज दहावीच्या परीक्षेला बसलाय. पोटऱ्या दुखणं आणि लाल डोळे ही लेप्टोची लक्षणं आहेत हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवसापासून मात्र चित्र बदललं. गटारातला गाळ काढून तिथेच कडेला ढीग घातला. उचलायची गाडी उद्या येईल म्हणाले. ती एकोणीस दिवसांनी आली, तोवर दोन पावसात निम्मा गाळ परत गटारात गेला होता. नळाला आठवडाभर पिवळसर पाणी आलं. क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या, पण पाण्याचा नमुना तपासायला माणूस यावा म्हणून तीनदा जावं लागलं. धूर फवारणी एकदाच झाली. तक्रार केली की ती नोंदवली जायची आणि पुढच्या आठवड्यात मोबाइलवर निरोप यायचा, तक्रार निकाली काढली. गाळ समोर तसाच. कोणाला विचारायचं? तेव्हा नगरसेवक नव्हते. पालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. पूर्वी नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवता तरी यायचा. तेव्हा कोणत्या टेबलावर जायचं हे कळायलाच चार फेऱ्या व्हायच्या.

नुकसानभरपाईचं तर आम्हाला मुळापासूनच माहीत नव्हतं. मी अर्ज घेऊन वॉर्डात गेले, दोन तास रांगेत उभी राहिले आणि खिडकीवर कळलं की नुकसानीचा पंचनामा पालिका करत नाही, महसूल खातं करतं. तलाठी, त्यांच्यावर तहसीलदार. उपनगर जिल्ह्यात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत, आपला कोणता ते पाहून तिकडे जायचं. पालिका सफाई, औषध, पाणी बघते आणि पैशाचा विषय दुसरीकडे. हे एक वाक्य पंप लावायला आलेल्या माणसांनी किंवा शिबिरातल्या टेबलावर कोणी सांगितलं असतं, किंवा समाजमंदिराच्या दारावर कागद चिकटवला असता, तर आमच्या गल्लीचे आठ दिवस वाचले असते. त्या आठ दिवसांत सगळ्यांनी घरं धुऊन, भिंती घासून लख्ख केली होती. दहाव्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला तेव्हा विचारतो, पाणी कुठपर्यंत होतं?

आमच्या शेजारी निवृत्त शिक्षिका आहेत, सगळी चाळ त्यांना बाई म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दाराआडचा एक कोपरा धुऊ नका, डाग राहू द्या. ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडे दाखवायला पट्टा होता. माझ्याकडे होता, चिखलाची तपकिरी रेघ, फुटपट्टीने मोजली तर जमिनीपासून सव्वादोन फूट. बाईंनी पट्टी लावून त्याचा फोटोही काढायला लावला होता.

कागदांची गोष्ट वेगळीच. माझा फोटोपास, म्हणजे घराच्या पात्रतेचा फोटो लावलेला सरकारी पास, प्लास्टिकच्या पिशवीत होता, पण पिशवीच्या तोंडातून पाणी गेलं. पास प्लास्टिकला चिकटला. ओढला असता तर फोटोवरचा शिक्काच निघून आला असता. मी पिशवी कात्रीने तीन बाजूंनी कापली, वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर इस्त्रीचं वजन दिलं, दोन दिवस दर चार तासांनी कागद बदलले. शिवणकामातली सवय कामाला आली. सुटला, पण नावातली दोन अक्षरं फुटली. खिडकीवरचे साहेब म्हणाले, नाव वाचता येत नाही, मूळ प्रत आणा. मी म्हटलं, साहेब, हीच मूळ प्रत आहे, पुरात भिजली म्हणून तर मी इथे उभी आहे. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हातातल्या यादीत "भिजलेली कागदपत्रं" असा रकानाच नव्हता. शेवटी रेशनकार्ड, वीजबिल आणि बाईंच्या सहीचं पत्र यांच्यावर अर्ज घेतला गेला.

फेब्रुवारीत उत्तर आलं. घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात नव्हतं, त्यामुळे निकषात बसत नाही. निकष वाचले मी. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या एसडीआरएफ, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या, निकषांत कपड्यांसाठी कुटुंबाला 2500 आणि भांडी-घरसामानासाठी 2500 रुपये होते. पण घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं, नाहीतर दोन दिवसांहून जास्त बुडालेलं हवं होतं. नदीकाठच्या गावांत महापूर आठवडाभर हटत नाही, तिथे ही अट समजू शकते. मुंबईत पाणी भरतीला चढतं आणि ओहोटीला उतरतं. चौदा तासांत गादी, पीठ, मुलांची वह्या-पुस्तकं, फ्रिजचा कॉम्प्रेसर सगळं जातं आणि अठ्ठेचाळीस तास कधी भरतच नाहीत. राज्य सरकारने आधीच्या काही पुरांत आपल्या तिजोरीतून ही अट सैल करून जास्त रक्कम दिलेली आहे, म्हणजे ते होऊ शकतं. मुंबईसाठी ही अट तासांतच मोजली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणि पोटाचं काय? माझ्या मशीनची मोटर, बॉबिन केस, शटल, सगळ्यांत गाळ. दुरुस्तीला 2300 रुपये गेले. त्याहून जड होते गिऱ्हाइकांचे कपडे. चौदा ब्लाऊज आणि सहा साड्या खालच्या फळीवर होत्या. एका काकूंची आईच्या आठवणीची नारायणपेठ साडी होती, काठाचा लाल रंग अंगभर उतरला. मी ती तीनदा मिठाच्या पाण्यातून काढली, नाही गेला. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, साडी घडी करून घेऊन गेल्या. त्यानंतर त्या माझ्याकडे आलेल्या नाहीत. हातमाग आणि हस्तकला कारागिरांच्या अवजारांसाठी त्या निकषांत जागा होती, पण घरी मशीन चालवणाऱ्या बाईचं नाव कुठेच नव्हतं. आमच्या गल्लीत सहा घरं मशीनवर चालतात. इडलीवाले अण्णा आहेत, इस्त्रीवाले आहेत. कोणाच्याही धंद्याचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

पुन्हा पाणी आलंच, तर मी काय करेन ते सांगते. आधी 1916 ला फोन आणि तक्रार क्रमांक. धुवायच्या आधी पट्टी लावून फोटो. त्याच दिवशी तहसील कार्यालयात साधा अर्ज आणि आवक क्रमांक, पंचनाम्याची वाट बघत बसायचं नाही. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्यायचा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. आमच्या तीन घरांत "किरकोळ नुकसान" असं लिहिलं होतं आणि त्यांनी न वाचता सही केली होती.

वॉर्डाकडे मी एकच मागणी लेखी दिली आहे. जसा आरोग्याच्या वहीत प्रत्येक घराला एक पान होतं, तशी सावरण्याचीही एक वही हवी आणि ती एका माणसाच्या हातात हवी. गाळ उचलला का, नळाचं पाणी तपासलं का, पंचनामा झाला का, कागद परत काढून मिळाले का, हे सहा महिने दर पंधरवड्याला येऊन विचारणारं एक माणूस. पैसे ज्या खात्याचे असतील त्या खात्याचे असोत. चाळीतला एक मुलगा बारा दिवसांचं आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठीचं सरकारी, प्रशिक्षण घेऊन आलाय, तो वही सांभाळायला तयार आहे. त्याला फक्त वॉर्डाचं पत्र हवंय, म्हणजे खिडकीवर त्याला उभं करून घेतील.

नालेसफाईची मुदत दरवर्षी 31 मे असते. आमच्या गटाराच्या तोंडावरची जाळी गेल्या मंगळवारी त्याच मुकादमांनी उघडून दाखवली. आत जुलैचाच गाळ आहे, घट्ट बसलेला, त्यात कोणाचीतरी निळी स्लीपर. त्यांनी माझ्यासमोर फोटो काढून वर पाठवला आणि मी त्याच फोटोची प्रत लावून अर्ज दिला. आवक क्रमांक घेतलाय. दाराच्या चौकटीवर, जुन्या क्रमांकाच्या खाली लिहून ठेवलाय.