‘अ‍ॅज वुई सी इट’: कॉफीच्या दुकानापर्यंतचा रस्ता

पंचविशीतल्या हॅरिसनला घराजवळच्या कॉफीच्या दुकानापर्यंत एकट्यानं चालत जायचंय. फोनवर मँडी, म्हणजे तिघा स्वमग्न (ऑटिस्टिक) तरुणांची मदतनीस, त्याला धीर देतेय. कुत्रं भुंकतं, रस्त्यावरचे आवाज अंगावर येतात आणि तो अडतो. प्राइम व्हिडिओवर जानेवारी 2022 मध्ये आलेली ही आठ भागांची मालिका इथूनच सुरू होते, आणि स्वमग्नता कशी दाखवावी याचा धडाही याच प्रसंगात आहे. अडचण बुद्धीची नसते. एकेक आवाज वेगळा करून मागे टाकायचं जे काम आपला मेंदू नकळत करतो, ते हॅरिसनला जाणीवपूर्वक करावं लागतं. मँडीही त्याला ढकलत नाही. मोठं काम छोट्या टप्प्यांत तोडून देते. या कामातली माणसं रोज हेच करतात, पण पडद्यावर ते क्वचितच दिसतं.

जेसन केटिम्स यांनी ही मालिका ‘ऑन द स्पेक्ट्रम’ या इस्रायली मालिकेवरून बेतली. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. जॅक, हॅरिसन आणि व्हायलेट या भूमिका अनुक्रमे रिक ग्लासमन, अल्बर्ट रुटेकी आणि स्यू अ‍ॅन पिएन यांनी केल्यात आणि तिघंही स्वमग्न आहेत. याचा फरक पहिल्या भागापासून जाणवतो. इतर मालिकांत बऱ्याचदा सपाट आवाज, चुकवलेली नजर आणि अफाट स्मरणशक्ती एवढ्या भांडवलावर पात्र उभं करतात. ‘द गुड डॉक्टर’मधला शॉन तर थेट अलौकिक बुद्धीचा सर्जन. इथं जॅक हुशार प्रोग्रामर आहे, पण साहेबाची अक्कल तोंडावर काढतो आणि नोकरी गमावतो. त्याच्या वडिलांना कॅन्सर झालाय. ‘आमच्या माघारी याचं काय’ हा आपल्याकडच्या पालकांचाही रोजचा प्रश्न. वडिलांची भूमिका करणारे अभिनेते जो मँटेग्ना तो फार भाषणबाजी न करता चेहऱ्यावर आणतात.

व्हायलेटची भूमिका सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जमलेली. तिला बॉयफ्रेंड हवाय, चारचौघींसारखं आयुष्य हवंय. आई-वडील नाहीत, भाऊ व्हॅन तिची काळजी घेतो आणि काळजीपोटी तिच्यावर बंधनंही घालतो. तिचे उद्रेक बघताना एक फरक ध्यानात ठेवावा: हट्ट करणारं माणूस समोरच्याचा अंदाज घेत असतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे ताण असह्य होऊन होणाऱ्या उद्रेकात, स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. मागितलेलं दिलं तरी ओसरायला वेळ लागतो. पिएन हे नेमकं दाखवतात, आणि ओसरल्यानंतरचा थकवा व शरमसुद्धा.

खटकतं ते मँडीभोवती. तिचं मेडिकलचं स्वप्न, तिचा प्रियकर, व्हॅनशी वाढणारी जवळीक यांत तिघांच्या वाट्याचा वेळ जातो. तीन प्रौढांसाठी एकच मदतनीस, तिच्यावर देखरेख करणारं कुणी ठळकपणे दिसत नाही, आणि एका घरातल्या माणसाशी तिचे भावनिक धागे जुळतायत. प्रत्यक्षात अशी व्यवस्था फार काळ टिकत नाही: मदतनीस थकते, सोडून जाते, आणि तिच्याशी बांधलेली सगळी दिनचर्या एका दिवसात कोसळते. मालिका या धोक्यापर्यंत येते, पण खोलात उतरत नाही. शिवाय तिघंही बोलणारे. न बोलणारा, चित्रांच्या किंवा टॅबलेटच्या आधारानं संवाद साधणारा तरुण मुख्य पात्रांत नाही, ही मोठी उणीव.

दुसरा सीझन झालाच नाही, त्यामुळे काही धागे लोंबकळत राहतात. तरीही बघाच. भाग साधारण अर्ध्या तासाचे आहेत. जॅक भराभर बोलतो, सबटायटल चालू ठेवा. आवाजाचा त्रास होणारं कुणी सोबत असेल तर आवाज आधीच कमी करा, कारण आरडाओरड अचानक सुरू होते. शिव्या आणि लैंगिक विषयावरची बोलणी आहेत; किशोरवयीन मुलासोबत बघायची असेल तर व्हायलेटच्या डेटिंगचे प्रसंग पालकांनी आधी एकदा बघून घ्यावेत.